मुलगा बुजरा आहे म्हणूनच शाळेत पोरं त्याला छळतात का?

नववीतला मुलगा एसटीनं तालुक्याच्या शाळेत जातो, पोरं छळतात आणि सर म्हणतात, 'त्याचा स्वभावच बुजरा.' हे अर्धंच खरं आहे. हळव्या, चिंता करणाऱ्या मुलांना त्रास जास्त होतो असं संशोधनात दिसतं, पण सततच्या छळानंही मूल तसं होतं. छळणाऱ्यांमध्ये प्रामाणिकपणा, नम्रता आणि दुसऱ्याबद्दलचा कळवळा सरासरीनं कमी आढळतो. शिवाय मागच्या सीटवर हसणारे चार जण त्यांना बळ देतात. आमच्या विदर्भात डबा हिसकावणं, कापूस वेचणाऱ्या मायवरून टोमणे मारणं 'पोरांची मस्ती' म्हणून सोडून देतात, याचा मला फार राग येतो. पोराला 'धीट हो' म्हणत बसू नका. मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही मोफत आहे.