पंखा कुईकुई करतोय? तेल सोडायच्या आधी ऐका

प्रश्न : आमचा सीलिंग फॅन रात्री सारखा कुईकुई करतो, झोप लागत नाही. दोनदा वरून दांड्यापाशी तेल सोडलं, चार दिवस बरं वाटलं आणि मग परत तेच. बेअरिंग गेलंय का?

उत्तर : तेल आता सोडू नका. आधी एक करा, पंखा फुल स्पीडवर असताना बटण बंद करा आणि नीट ऐका. बटण बंद झाल्याबरोबर आवाज गेला तर तो विजेकडचा, म्हणजे बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे येणारी घूंऽऽ, जी कमी स्पीडला जास्त जाणवते. पण पाती फिरत फिरत थांबेपर्यंत आवाज येत राहिला आणि वेगासोबत मंदावत गेला तर कुठेतरी काहीतरी घासतंय.

तुमचा आवाज हा दुसऱ्या प्रकारचा, घासण्याचा वाटतो, पण म्हणून लगेच बेअरिंगला दोष नको. मेन स्विच बंद करा, घट्ट शिडीवर चढा आणि दांडा हाताने हळूच डोलवा. कुईकुई वरून, हुकापाशी आली तर तिथलं रबर झिजलंय किंवा वाळलंय, ते नवीन टाका, आणि हात तिथे पोचलाच आहे तर बोल्ट आणि त्याची स्प्लिट पिन (बोल्ट निसटू नये म्हणून टोकाला घातलेली दुमडलेली पिन) जरूर बघा कारण अख्खा पंखा त्यावर लटकतोय, पिन नसेल किंवा बोल्ट कापला गेला असेल तर पंखा चालवूच नका. दांड्यावरची वाटी कुठे घासत नाही ना तेही बघा. दर फेऱ्याला एकदा टक असा आवाज असेल तर पात्याचा स्क्रू ढिला असतो बऱ्याचदा.

हे सगळं ठीक निघालं तर पातं धरून अगदी सावकाश फिरवा, बोटांना खरखर लागली की बेअरिंग. आता तेलाने चारच दिवस का बरं वाटलं, तर पंख्यातलं बेअरिंग बहुधा दोन्ही बाजूंनी झाकलेलं असतं, आत ग्रीस भरलेलं. वरून सोडलेलं तेल थोडंसं आत झिरपतं, ते ग्रीस पातळ करून बाहेर काढतं, आणि उरलेलं वाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारांच्या गुंडाळीवर, उतरून धूळ धरून बसतं. खायचं तेल तर नकोच, ते काही दिवसांत चिकट होतं. बेअरिंग बदलायचं, कडेला नंबर कोरलेला असतो, ६२०१, ६२०२ असा, तोच आणायचा, आणि शाफ्टवर बसवताना ठोका आतल्या रिंगवरच द्यायचा, बाहेरच्या रिंगवर हाणलं की गोळ्यांचा मार बसून नवंकोरं बेअरिंगही पहिल्या दिवसापासून आवाज करतं. मी स्वतः असं एक वाया घालवलंय म्हणून मुद्दाम सांगतोय.

टेबल फॅनचं वेगळं बरं का, त्यात बऱ्याचदा साधा बुश, म्हणजे बिनगोळ्यांची धातूची नळी, असते, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब खरंच काम करतात.

प्रश्न : फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमधून चिरचिर येते, दार उघडलं की बंद. काय असेल?

उत्तर : तुम्ही अर्धं काम केलंय! दार उघडल्यावर आतला फॅन थांबतो, म्हणून संशय त्याच्यावरच. दार उघडं ठेवून चौकटीतलं दाराचं बटण बोटाने दाबून बघा, चिरचिर परत आली की पक्कं. बर्फ साचून पाती घासत असतील तर प्लग काढून, सामान दुसरीकडे ठेवून फ्रिज दार उघडं ठेवून पूर्ण वितळू द्या, सुरीने बर्फ खरवडू नका, आतली नळी फुटते. त्यानंतरही आवाज राहिला तर फॅनची मोटर बदला.