पहिल्या मिशनला जाताना

अ‍ॅनालॉग मिशनसाठी, म्हणजे पृथ्वीवरच होणाऱ्या अंतराळ मोहिमेच्या रंगीत तालमीसाठी, तुझी निवड झाली, मनापासून अभिनंदन! स्पेससूटबद्दल तुला सगळेच सांगतील. मी रेडिओबद्दल सांगते, कारण नव्या टीमची सगळ्यात जास्त दमछाक तिथेच होते.

मंगळाचं सिम्युलेशन असेल तर संदेश मुद्दाम उशिरा पोचवतात. खऱ्या मंगळापर्यंत रेडिओ लहरींना अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर हातात यायला त्याच्या दुप्पट. त्यामुळे "ऐकू येतंय का?" विचारून थांबण्यात अर्थ नाही. एकाच संदेशात सगळं सांग: काय बिघडलंय, मीटरवर आकडा काय आहे, तोवर तू काय करणार आहेस आणि कंट्रोलकडून (बाहेरून मिशन सांभाळणाऱ्या टीमकडून) नेमका कुठला निर्णय हवाय. "दाब कमी वाटतोय" एवढ्यावर कंट्रोलमध्ये बसलेल्यांना काहीच करता येत नाही. "टाकी दोनचा दाब उतरतोय, व्हॉल्व्ह बंद केला, टाकी एक चालू" यावर येतं.

टीममध्ये एकमेकांशी बोलताना समोरच्याची सूचना शब्दशः परत म्हण, मगच हात लाव. चेकलिस्ट पाठ असली तरी वाचूनच.

झोप सांभाळ. मॉस्कोतल्या मार्स-५०० या मंगळमोहिमेच्या सिम्युलेशनमध्ये (२०१०-११) सहा जण ५२० दिवस बंदिस्त राहिले. तुमचे दिवस थोडे असले तरी जागरणाने चिडचिड व्हायचीच. काही खटकलं तर त्याच संध्याकाळच्या बैठकीत बोल.

आणि कितीही घाम आला तरी बाहेर असताना हेल्मेट उघडायचं नाही. जाड हातमोज्यांत एक नट बसवायला किती वेळ लागतो, हेच तर आपण बघायला जातो. ते हातमोजे आजच मागून घे आणि नट-बोल्टवर हात बसव.