नासाडी आणि उधळपट्टी एकच का? आणि 'पाणी बरबाद करणे' हे चुकीचं मराठी आहे का?

एकच नाहीत. उधळपट्टीला सैल हाताचा माणूस लागतो, गुलाल उधळावा तसा पैसा उधळणारा. नासाडी माणसाशिवायही होते. अवकाळी पावसाने गहू झोपला तर ती नासाडी, तिला उधळपट्टी कोणी म्हणणार नाही. अपव्यय हा पत्रकातला शब्द, घरात कोणी बोलत नाही.

पण तुम्ही लिहिलंय की 'बरबाद' हिंदी आहे, मराठी माणसाने वापरू नये, म्हणून लिहायला बसले.

माझ्या मुलाची मुंज इंदूरला माहेरी झाली, रामबागेत. नळ एक दिवसाआड यायचे, आणि मुंजीच्या दिवशी नेमका नागा. आईने आदल्या पहाटे उठून हंडे, बादल्या, पिंप, अगदी कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवलेली. पुण्याचे माझे चुलत सासरे अंगणात पाय धुवायला गेले आणि पिंपाची तोटी तशीच सोडून बोलत उभे राहिले, पाणी तुळशीवरून वाहत फाटकापर्यंत गेलं. बाबा धावत आले, तोटी बंद केली आणि हात जोडून म्हणाले, अहो, पाणी बरबाद होतंय. तर सासरे सगळ्यांसमोर म्हणतात, "बरबाद नाही हो, वाया! तुम्हा इंदूरवाल्यांचं मराठी पार बिघडलं." लोक हसले. बाबा काहीच बोलले नाहीत, फडकं घेऊन ओटा पुसायला लागले. ते फडकं मला अजून दिसतं.

नर्मदेचं पाणी शहरात यावं म्हणून 1970 साली इंदुरात जे आंदोलन झालं त्यात बाबा रस्त्यावर होते. पाणी आलं 1978 मध्ये. नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर, पंपांनी उचलून, विंध्याचा घाट चढवून आणतात. बाबांनी त्या पाण्याला कुठला शब्द लावायचा हे दुसऱ्याने शिकवू नये. आणि त्याच पंगतीत त्या गृहस्थांच्या पानात दोन पुऱ्या आणि वाटीभर श्रीखंड तसंच उरलं होतं, ते आईने उचललं.

बरबाद मूळ फारसी आहे, वाऱ्यावर गेलेलं असा अर्थ. खर्च, खजिना, जमीन हेही तिकडूनच आलेत, ते पुण्यात बिनदिक्कत चालतात. मग आमचाच एक शब्द का खुपतो?

पाण्याला 'वाया घालवणे' सगळीकडे चालतं, नासाडीही चालते, पेपरवाले उधळपट्टीही लिहितात, ते माझ्या कानाला बरं लागत नाही पण चूक म्हणणार नाही. हां, शाळेच्या निबंधासाठी विचारत असाल तर अपव्यय लिहा, तपासणारे मार्क कापतात. बोलताना मात्र खुशाल बरबाद म्हणा, आणि कोणी टोकलं तर आधी नळ बंद करायला सांगा.