समालोचनाला पहिल्यांदा बसताना

फुटबॉलचे समालोचन सुरू केल्यावर 'बायकांना यातले काय कळते' हे वाक्य तुझ्या कानावर पडेलच. पुरुषाची चूक त्याची एकट्याची असते, आपली मात्र समस्त स्त्रीजातीच्या नावावर मांडली जाते, आणि हा अन्याय मला आजही सलतो. 'महिलांच्या सामन्याला प्रेक्षकच नसतात' असे कोणी म्हटले, तर त्याला शांतपणे सांग की, १९२० साली लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक आले होते, आणि पुढच्याच वर्षी हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपली मैदाने त्यांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षे.

सामन्याआधी बावीस जणींची नावे जर्सीच्या क्रमांकासह मोठ्याने म्हणून पाहा. मी अजूनही म्हणते, कारण कॉर्नर किकच्या वेळी गोलपुढे गर्दी झाली की जीभ नेमकी तिथेच अडखळते. खेळाडूच्या दिसण्यावर किंवा लग्नावर बोलू नकोस. २०२२ च्या आशियाई चषकाच्या नवी मुंबईतील अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढत ३-२ असा विजय मिळवला; ती पिछाडी कशी भरून निघाली, हेच प्रेक्षकांना सांगायचे असते.