राजाची नाशपाती कशी झाली?

प्रश्न: फ्रान्सचा राजा लुई-फिलिप याला जुन्या चित्रांत नाशपाती म्हणून काढलेलं दिसतं. हे खूळ कुणाचं, आणि राजाने हे चालू कसं दिलं?

उत्तर: चालू कुठे दिलं, कोर्टात खेचलं की! आणि नाशपाती गाजली ती त्या कोर्टामुळेच. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला, नव्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत, सेन्सॉरशिप पुन्हा कधीच येणार नाही असं लिहिलेलं, त्या भरवशावर शार्ल फिलिपों याने त्याच वर्षी 'ला कारिकातूर' हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. मग त्याने राजाला गवंडी करून भिंतीवरच्या क्रांतीच्या खुणांवर गिलावा मारताना दाखवलं आणि खटला झाला.

नोव्हेंबर १८३१ मध्ये कोर्टात या पठ्ठ्याने चार डोकी काढून दाखवली. पहिलं सरळ राजाचं, कल्ले, कपाळावर केसांचा झुपका, दुसऱ्यात गाल जरा लोंबले, तिसऱ्यात डोकं वर निमुळतं नि खाली फुगलेलं, आणि चौथं म्हणजे देठ-पानासकट नाशपाती. मुद्दा असा की नुसतं साम्य हाच गुन्हा असेल तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत सगळ्यांना शिक्षा द्या, म्हणजे फळालासुद्धा! सहा महिने कैद आणि २,००० फ्रँक दंड झालाच, पण पॅरिसच्या भिंतींवर पोरंसोरं नाशपात्या काढायला लागली. सरकारनेच फुकट जाहिरात केली म्हणायची. (फ्रेंच बोलीत नाशपातीचा अर्थ बावळट माणूस असाही होतो, ते आणखी वेगळंच.)

व्यंगचित्रकार दोमिए याचं 'गार्गांत्युआ' (जुन्या फ्रेंच गोष्टीतल्या खादाड राक्षसाचं नाव) हे चित्र याच काळातलं. राजा अवाढव्य, तोंडापासून जमिनीपर्यंत फळी लावलेली, गरीब लोकांचे पैसे टोपल्यांनी वर जातायत आणि बुडाखालून मानमरातबाचे कागद पडतायत. दोमिएला पण सहा महिने कैद.

हे इतकं झटपट निघायचं ते लिथोग्राफीमुळे. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्रकाराने थेट काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट रेघांना धरते, की छापा. तांब्याच्या पत्र्यावर कोरत बसायला नको, त्यामुळे बातमी ताजी आहे तोवर चित्र लोकांच्या हातात.

जुलै १८३५ मध्ये राजावर जीवघेणा हल्ला झाला आणि सप्टेंबरच्या कायद्यांनी चित्रांना आधी परवानगी लागायला लागली. सनदेचं काय, तर पळवाट अशी की मत छापायला मोकळीक आहे, चित्र म्हणजे मत नाही, कृती आहे! 'ला कारिकातूर' बंद पडलं, दोमिए वकील नि शहरी लोकांच्या खोड्या काढायला लागला.

अरे हो, फिलिपोंचं दुसरं पत्र 'ल शारिवारी', त्याला १८३४ मध्ये स्वतःविरुद्धचा निकाल छापणं भाग पडलं. त्यांनी छापला, अक्षर न् अक्षर, फक्त ओळी अशा लहानमोठ्या जुळवल्या की पहिल्या पानावर मजकुराची नाशपाती झाली.