लघवीच्या रिपोर्टमध्ये पस सेल्स ८–१० आणि प्रोटीन ट्रेस आले आहे. किडनी बिघडली असेल का?

आपण लिहिले आहे की, निफाड तालुक्यात राहणाऱ्या आपल्या ५६ वर्षांच्या आईची मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी लघवीची साधी तपासणी केली. रिपोर्टमध्ये पस सेल्स ८–१०, एपिथेलियल सेल्स १५–२०, प्रोटीन ‘ट्रेस’ (म्हणजे अगदी किंचित) आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (म्हणजे लघवीची दाटी) १.०३० आली असून यांतले बरेचसे आकडे ठळक अक्षरांत छापले आहेत. साखर, रक्त आणि नायट्राइट निरंक आहेत. आईला जळजळ, ताप किंवा कंबरदुखी नाही. नमुना घरी सकाळी सहा वाजता घेतला आणि नाशिकच्या लॅबमध्ये दहानंतर पोहोचला. किडनी बिघडली आहे का आणि घरात शिल्लक असलेल्या अँटिबायोटिक गोळ्या सुरू कराव्यात का, असे आपले दोन प्रश्न आहेत.

गोळ्या कृपया सुरू करू नका, आणि एवढ्या एका रिपोर्टवरून किडनी बिघडली असेही मानू नका. आधी नीट घेतलेल्या नमुन्यावर तपासणी पुन्हा करून घ्या. मी नाशिकमध्येच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. परंतु रिपोर्टवरचा आकडा कसा तयार होतो, हे मी रोज पाहत असल्याने तेवढे खात्रीने सांगू शकतो.

नमुना आला की आम्ही त्याचा रंग आणि गढूळपणा पाहतो, रसायनांचे चौकोन असलेली पट्टी त्यात बुडवून प्रोटीन, साखर, रक्त वगैरे तपासतो, आणि मग थोडी लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेल्या साक्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घेतो. त्या थेंबात पस सेल्स, म्हणजे पांढऱ्या पेशी, लहान, गोल आणि आतून रवाळ दिसतात. एपिथेलियल सेल्स मात्र तव्यावर पसरलेल्या धिरड्यासारख्या मोठ्या, चपट्या आणि वेड्यावाकड्या कडांच्या असतात. स्त्रियांच्या नमुन्यात या चपट्या पेशी बहुधा बाहेरच्या त्वचेवरून आणि योनीमार्गाच्या अस्तरावरून आलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या क्षेत्रात त्या १५–२० दिसल्या, तर लघवीची पहिली धार बाटलीत पडली असण्याची शक्यता मोठी असते. त्याच धारेबरोबर बाहेरच्या पांढऱ्या पेशी आणि जंतूही बाटलीत उतरतात. पस सेल्स साधारणपणे पाचपर्यंत असाव्यात असे धरतात, त्यामुळे ८–१० हा आकडा वाढलेला आहे हे खरे. पण या नमुन्यात त्या मूत्राशयातून आल्या की बाहेरून, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, लघवीचा रिपोर्ट हाती आला की पस सेल्सच्या आधी एपिथेलियल सेल्सची ओळ वाचावी. ठळक अक्षरे संगणक छापतो. मर्यादेबाहेरचा प्रत्येक आकडा तो ठळक करतो. शेजारच्या ओळीशी ताडून पाहणे हे त्याचे काम नव्हे.

प्रोटीनचेही तसेच आहे. पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन हे एक प्रोटीन ओळखते आणि तेही त्या क्षणीच्या लघवीत ते किती दाट आहे एवढेच. दिवसभरात एकूण किती प्रोटीन गेले हे तिला कळत नाही. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.००५ ते १.०३० असते, म्हणजे आपल्या आईची लघवी अगदी वरच्या टोकाइतकी दाट होती, आणि अशा लघवीत एरवी न दिसणारे अल्ब्युमिनही ‘ट्रेस’ म्हणून उमटू शकते. ताप आणि अंगमेहनत यांमुळेही तात्पुरते प्रोटीन दिसते. आई सध्या द्राक्षाच्या खरड छाटणीला जात असल्याचे आपण लिहिलेच आहे. एप्रिलच्या उन्हात दिवसभर बागेत उभे राहायचे आणि आडोसा नाही म्हणून पाणीच प्यायचे नाही, हे निफाड-दिंडोरीकडच्या कितीतरी बायकांच्या अंगवळणी पडले आहे आणि मला त्याची फार काळजी वाटते, कारण त्यातून मूतखडा आणि जंतुसंसर्ग या दोन्हींचा धोका वाढतो. बागमालकाने आडोशाची सोय केली तर तो टळू शकतो.

तरीही ‘ट्रेस’ आहे म्हणून सोडून देऊ नये. मधुमेह आणि रक्तदाबामुळे किडनीला होणारा त्रास सुरुवातीला दुखत नाही, तो असाच लघवीतून कळतो. पुढच्या तपासणीतही प्रोटीन आले, तर डॉक्टरांना विचारून सकाळच्या पहिल्या लघवीवर अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करून घ्या. ते प्रतिग्रॅम ३० मिलिग्रॅमच्या आत असावे. त्याहून जास्त असले तरी ते तीन महिने टिकून आहे का, हे पाहिल्याशिवाय जुनाट किडनीविकार म्हणत नाहीत. सोबत रक्तदाब, रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन तपासलेले असावे.

आता वेळेविषयी. लघवी शक्यतो दोन तासांच्या आत तपासली गेली पाहिजे. चार तास उन्हातून, बसमधून आलेल्या बाटलीत जंतू वाढतात, पेशी फुटतात आणि लघवी अल्कधर्मी होत जाते. म्हणून या वेळी आईंना लॅबमध्येच आणून नमुना द्या. आधी तीन-चार तास लघवी केलेली नसेल तर अधिक चांगले, कारण जंतूंना नायट्राइट तयार करायला तेवढा वेळ लागतो. शिवाय काही जंतू ते तयारच करत नाहीत, त्यामुळे नायट्राइट निरंक आहे एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही. जागा साध्या पाण्याने धुऊन पुढून मागे पुसावी, बाहेरच्या कडा बोटांनी बाजूला धराव्यात, पहिली धार सोडून द्यावी आणि मधली धार बाटलीत घ्यावी. बाटली लॅबने दिलेली निर्जंतुक असावी आणि तिच्या आतल्या बाजूला बोट लागू नये. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली घेऊन लोक येतात. त्या गोड औषधाचा अंश राहिला तर लघवीत नसलेली साखर पट्टीवर दिसू शकते.

नव्या नमुन्यात एपिथेलियल सेल्स मोजक्या आणि पस सेल्स मात्र तशाच वाढलेल्या दिसल्या, तर डॉक्टर बहुधा कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, सांगतील. त्यात जंतू उगवले तरी तक्रार नसलेल्या माणसाला सहसा औषध देत नाहीत. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रिया हे त्याला अपवाद आहेत. उलट पस सेल्स वारंवार येत आहेत आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे झाले तर मूतखडा किंवा मूत्रमार्गाचा क्षयरोग यांचा विचार करावा लागतो, आणि आपल्या देशात तो टाळून चालत नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवी कमी होणे, किंवा न दुखता एकदाच जरी लघवीत उघड रक्त दिसणे, यांपैकी काही झाले तर दुसऱ्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

शिल्लक गोळ्यांना माझा विरोध याचसाठी आहे की, एक-दोन गोळ्यांनी जंतू पुरते मरत नाहीत, पण कल्चरमध्ये उगवणार नाहीत इतके दबतात, आणि मग कोणते औषध लागू पडेल हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावे लागते. कल्चरचा नमुना पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा असतो. एखादी गोळी दिली गेलीच असेल, तर तिचे नाव आणि घेतल्याची वेळ नमुना देतानाच लॅबला सांगा, म्हणजे ती नोंद डॉक्टरांपर्यंत पोहोचेल.