बहुमत की मताधिक्य?

‘१८९२ साली दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून पाच मतांच्या बहुमताने निवडून आले’ हे वाक्य चालेल का, अशी विचारणा आहे. मला विचाराल तर चालणार नाही. तिथे ‘मताधिक्याने’ हवं.

निवडून आलेल्याला दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा जितकी मतं जास्त पडली, ते मताधिक्य. गावात पारावर ‘किती लीडनं आला?’ विचारतात, ते हेच. बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक. ते एक तर असतं नाहीतर नसतं. ‘साधं’, ‘स्पष्ट’, ‘दोन तृतीयांश’ ही विशेषणं त्याला शोभतात. ‘पाच मतांचं’ शोभत नाही.

घोळ घातलाय तो इंग्रजीतल्या ‘मेजॉरिटी’ने. दोन्ही कामं तो एकच शब्द करतो. दादाभाईंचं नाव तिथल्या लोकांच्या जिभेवर बसेना, तेव्हा त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ (म्हणजे निसटतं मताधिक्य) हे टोपणनाव पडलं. कोटी झकास, पण मराठीत आणायच्या भानगडीत पडू नये.

आता कुणी म्हणेल, फिन्सबरीत लढत दुरंगी होती, समोर हुजूर पक्षाचे पेंटन एकटेच. मग दादाभाईंना निम्म्याहून जास्त मतं मिळालीच की! मिळाली. पण दोघांच्याच लढतीत ती जिंकणाऱ्याला मिळणारच, सांगण्यासारखा आहे तो फरक. तिरंगी लढतीत मात्र मताधिक्य दणदणीत असूनही बहुमत हुकू शकतं.

त्याच निवडणुकीत ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचं काय झालं पाहा. एकूण जागा ६७०, म्हणजे बहुमताला ३३६ लागणार. ग्लॅडस्टन यांच्या लिबरलांना २७२ मिळाल्या. पंतप्रधान सॉल्सबरींचा हुजूर पक्ष लिबरल युनियनिस्टांना (लिबरलांतून फुटलेल्या मित्रपक्षाला) धरून पुढे होता, तरी ३३६ त्यांनाही गाठता आल्या नाहीत. आपली वर्तमानपत्रं याला ‘त्रिशंकू’ म्हणतात. आयरिश राष्ट्रवाद्यांकडे ८१ जागा होत्या आणि त्यांना होमरूल, म्हणजे आयर्लंडचा कारभार आयरिशांच्या हाती, हवं होतं. ग्लॅडस्टन त्याला अनुकूल, म्हणून ते त्यांच्याकडे गेले. ११ ऑगस्टला सॉल्सबरी सरकारवरील अविश्वासाची सूचना ३५० विरुद्ध ३१० मतांनी मंजूर झाली आणि सरकार गडगडलं. ही सूचना ‘बहुमताने मंजूर झाली’ असं खुशाल लिहा. ‘४० मतांच्या बहुमताने’ नको. ‘४० मतांनी’ एवढं पुरे.

जाता जाता: शब्द मत + आधिक्य असा आहे, आधिक्य हे ‘अधिक’वरून. तेव्हा क एकच. ‘मताधिक्क्य’ लिहू नये.